रेक्टिफायरवर फोडलेला नारळ

मिस्त्री कारखान्यात शिरताना दोन्ही हात पाठीमागं बांधून शिरायचे. पयल्या दिवशी मला वाटलं, ह्यो कोणतर बडा माणूस, जागा इकत घ्यायला आलाय. मी उठून खुर्ची पुसली, "या साहेब" म्हणलं, आन पळत जाऊन चहा सांगून आलो. सगळा कारखाना हासला. ते आमचेच मिस्त्री निघाले. वेल्डिंगची मशीनं बसवायची, चालू ठेवायची, बिघडली की दुरुस्त करायची, ह्ये त्यांचं काम. हात मागं का, तर म्हणायचे, "डोळं आधी जाऊंदेत. हात म्होरं गेला आन डोळं मागं ऱ्हायलं, की माणूस वर जातो."

चहा पिला त्यांनी. खुर्चीवर बसले न्हाईत. खुर्ची लोखंडी हुती.

उचगावात पत्र्याचं शेड हुतं आमचं. ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवायचो. मी वेल्डर. वेल्डर म्हंजे काय, दोन लोखंडं चिकटायची एवढं खरं. कवा कवा त्यात माझा बूट बी चिकटायचा. शाळेत मी गेलतो, पर शाळा काय माझ्यात आली न्हाय. त्यामुळं मशीनवर लिवलेलं काय बी मला वाचाय यायचं न्हाय, आन मिस्त्री बोलायचे ते सगळं ऐकाय लागायचं. ते कमी बोलायचे, पर एकदा बोललं की आठ दिवस कानात खाज सुटायची.

रॉड संपला की नवा लावायला मला दोन हात पुरायचे न्हाईत. मग रॉड धरायचा होल्डर काखेत दाबायचा, एका हातानं डब्यातला रॉड काढायचा. उन्हाळा, बनियन घामानं पिळून निघालेला. मिस्त्रीनं एक दिवस बघितलं. वरडले न्हाईत. मेन बंद केला, खिशातला टेप काढला आन माझ्या काखेपास्नं छातीपतूर माप घेतलं. शिवा ग्रायंडरवाला म्हणला, "मिस्त्री, कोट शिवताय व्हय ह्येला?"

मिस्त्री म्हणले, "काखेपास्नं काळीज टीचभर लांब हाय. करंटाला टीचभर म्हंजे काय हाय? कोट न्हवं, ह्येला पांढरं कापड लागंल."

त्या दिवसापास्नं होल्डर टांगायला त्यांनी लाकडी खुंटी करून दिली. कोरडं हातमोजं, कोरडं बूट, पायाखाली फळी. फळीवरनं खाली पाय टाकला की लांबनं नुसतं "ए" यायचं. संडासला जाताना बी मला वाटायचं, फळी न्यावी का काय.

दुसरी माझी खोड, मशीनची परतीची केबल. ती ज्या लोखंडावर काम चाललंय, त्येलाच लावायची. मला तिथवर जायचा कट्टाळा. मी शेडच्या खांबालाच चिमटा मारला. करंटाला मी लांबचा रूट दिला, खांबातनं, आढ्यातनं, चेनपुलीतनं. तासाभरानं चेनपुलीची साखळी लाल झाली, आन खाली मीच उभा, वर ट्रॉलीचा सांगाडा. मिस्त्रीनं मला कॉलर धरून बाजूला वडलं. म्हणले, "करंट म्हंजे पावणा न्हवं, आवताण दिल्यावरच यील. दार उघडं दिसलं की आत."

पर खरा नाद त्यांचा फ्यूजचा. मशीन खोलायचं झालं की मेनवरचं तिन्ही फ्यूज उपसून ते खिशात घालायचे. चहाला गेले तरी फ्यूज खिशात. म्हणायचे, "'बंद हाय' असं भिताडावर लिवून ठेवलं तर वाचणारा पायजे. खिशातला फ्यूज अडाण्याला बी कळतो." ह्ये माझ्याकडं बघून म्हणायचे.

एकदा फ्यूज तसंच खिशात घेऊन ते पुतणीच्या लग्नाला गेलं. कारखाना ठप्प. मालकानं मला सायकलवर पिटाळलं. मी घामाघूम होऊन हॉलमधी शिरलो. मिस्त्री सफारी घालून पयल्या लायनीत, आन खिसा पोतं भरल्यागत फुगलेला. मी म्हणलं, "फ्यूज द्या, मी जाऊन लावतो."

"तू?"

एवढंच म्हणले. उठले, माझ्या सायकलच्या मागं बसले, सफारीवर येऊन फ्यूज बसवलं, मशीन चालू झाल्यालं बघितलं आन परत लग्नाला. पुतणीच्या सासरची माणसं म्हणं इचारत हुती, नवरीचा काका रुसून गेला काय?

आता ज्येच्यासाठी ह्ये सगळं सांगाय लागलोय, ते.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी मालकानं नवा रेक्टिफायर आणला, वेल्डिंगचंच मशीन. आमच्या जुन्या मशीनपेक्षा दांडगा, आत पंखा, नवीन रंगाचा वास. मालकाला वाटलं, दुपारपतूर चालू हुईल. मिस्त्रीनं तीन दिवस घेतलं. भिताडापास्नं हातभर लांब ठेवलं, मशीनला श्वास घ्यायला जागा पायजे म्हणून. अर्थिंगसाठी खड्डा काढला, त्यात कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, आन मशीनच्या पत्र्याला तिथनं वायर आणली. त्या खड्ड्याला रोज सकाळी बादलीभर पाणी घालायचे. शिवा म्हणायचा, "मिस्त्री देवाला पाणी घालत न्हाईत, खड्ड्याला घालत्यात." मशीन चालू करून पंख्याच्या जाळीला बिडीच्या बंडलाचा कागद धरून बघितलं, वारा बरोबर बाजूनं जातोय का. एकेक नट आवळला आन त्येच्यावर रंगाची रेघ मारली. वर मेनला एक ट्रिपर बसवला. करंट जिथं जायचा न्हाय तिथं थोडा जरी गळाय लागला, की त्यो खटकन पडणार आन मशीन बंद. नट आवळताना शेजारी पाना घेऊन मीच उभा हुतो. सगळं मी बघितलेलं हाय.

मिस्त्री बौद्ध. दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीला जायचे. त्यामुळं आमच्या खंडेनवमीला ते कवाच नसायचे. जायच्या आदल्या दिवशी मला बोलावून म्हणले, "मशीन तुझ्या ताब्यात हाय. कुकू लाव, हळद लाव, पुढच्या पत्र्याला लाव. हार हँडलला घाल, जाळीवर नको, पंखा पाकळ्या आत वडतो. नारळ गेटावर फोड. पाणी आत जाता कामा न्हाय. ऐकलंस?"

"व्हय मिस्त्री."

ऐकलं मी एवढंच, की नारळ नको, आन शिवाला सांगितलं बी तेवढंच. आन फ्यूज तर ते रुमालात बांधून नागपूरला घेऊनच गेलं.

शिवा म्हणला, "त्यास्नी देव चालत न्हाय, म्हणून आपल्या मशीनला बी नारळ न्हाय." मी काय म्हणलो? मी म्हणलो, "तर काय!" लपवत न्हाय. म्हणण्यात मी शिवापेक्षा दोन पावलं म्होरंच हुतो. कुकू लाव, हळद लाव, हार घाल, ह्ये सगळं माझ्याच कानात सांगून माणूस गेलावता, आन मी तोंड उघडून कुणाला सांगितलं न्हाय.

घरी बायकोनं इचारलं. "नवं मशीन, आन नारळ न्हाय? आवं, दिवसभर तुमी त्येच्या म्होरं बसणार. काय झालं म्हंजे?" झालं. मला मशीनचं भ्या, देवाचं भ्या, मिस्त्रीचं भ्या आन बायकोचं भ्या. चौघांत जी जवळ असंल तिचं मी ऐकतो.

खंडेनवमीला सगळ्यांनी हत्यारांची पूजा केली, मालकानं गेटावर नारळ फोडला, पेढं वाटलं, आन सगळी जेवायला गेली. मी "रुमाल ऱ्हायला" म्हणून परत आलो. पिशवीत नारळ, कागदात जोतिबाचा गुलाल. मशीनच्या डोक्यावर उचलायचा हुक असतो, त्येच्यावर नारळ हाणला. जन्मात माझा नारळ एका दणक्यात फुटला न्हवता. त्या दिवशी फुटला. आन हुकाच्या बाजूच्या फटीतनं सगळं पाणी, तहान लागल्यागत, मशीन गटागटा प्यालं.

मला वाटलं, पावला!

वर चिमूटभर गुलाल उधळला, त्यो बी आत गेला. मग मिस्त्रीचं तोंड आठवलं. शर्टानं मशीन पुसलं. खोबरं तिथंच उभ्यानं खाल्लं, दोन्ही वाट्या, पुरावा नको म्हणून. पोट दुखलं त्ये वेगळंच.

मिस्त्री नागपूरहनं आले, फ्यूज लावलं. मी दोन रॉड मारलं आन खट. ट्रिपर पडला. परत चढवला. परत खट. दुपारी ऊन तापलं तसं मशीन सुरळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दव पडलेलं, परत खट, दुपारी बेस. मिस्त्री एकेक वायर सोडवून तपासायचे, आन त्यांच्या हातात यीपतूर बिघाड वाळून जायचा. कव्हर खोलावं तर कंपनीचं सील. मालक म्हणले, "सील तोडलं की वारंटी गेली." कंपनीचा माणूस फोनवर म्हणला, मशीन आमच्याकडनं नीट गेलंय, तुमचं बसवणं तपासा.

तुमचं बसवणं. ह्यो शब्द मिस्त्रीच्या जिव्हारी बसला.

शेडमधी एकच बोलणं. "पूजा केली न्हाय, म्हणून कोपलं." मालक बी एकदा बोललेच, "मिस्त्री, एक नारळ फोडू दिला असता तर काय झालं असतं?" मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी रॉडचा डबा उपडा केला आन रॉड मोजाय लागलो. मशीनला कोपायचं कारण काय, ते अख्ख्या उचगावात मला एकट्याला ठावं, आन सगळी देवाची पूजा न्हाय झाली म्हणून मिस्त्रीला बोलत्यात. आन पूजा तर झालेली!

सकाळी कोण यायच्या आत मी मशीनवरच्या मुंग्या झाडायचो. नारळाचं पाणी गोड, त्यास्नी पत्ता घावलेला. रांग थेट हुकाच्या फटीत. शिवा मशीनला टेकून तंबाखू मळाय लागला की मी वरडायचो, "अरं, कोळी हाय तिथं कोळी!" चार दिवसांत शेडमधी मशीन सोडून कुठंबी टेका म्हणून मी इतकं कोळी, इंचू, पाली काढल्या, की शिवा म्हणला, "गड्या, तू घाबरट हाईस ठावं हुतं, पर पालीला?"

आन मिस्त्री. नटावर मारलेल्या रेघा ते बोटानं चाचपायचे. मग मला बोलवायचे. "ह्यो नट मी आवळला हुता न्हवं? तू हुतास न्हवं?"

"व्हय मिस्त्री. आवळला हुता."

"आन अर्थिंगचा?"

"त्यो बी."

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. दहाव्या दिवशी ते नवा चष्मा घालून आले. जाड काचा. म्हणले, "डॉक्टर म्हणला नंबर वाढलाय. तरी मी म्हणतोय, कायतर दिसंना झालंय मला." उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघत बसायचे. ज्या माणसानं जन्मभर हातापेक्षा डोळ्यावर इस्वास ठेवला, त्येचा डोळ्यावरचा बी गेला, आन मी शेजारी बसून भाकरी खात हुतो.

बाराव्या दिवशी मालकाचा तोल गेला. साखर कारखान्याचं धुराडं पेटायच्या आत ट्रॉल्या द्यायच्या हुत्या. म्हणले, "उद्या बाहेरचा वायरमन आणतो. ट्रिपर काढून डायरेक्ट जोडून घेतो."

मिस्त्री म्हणले, "मालक, ट्रिपर बोंबलतोय म्हंजे कुठंतर हाय. बोंबलणाऱ्याचं तोंड दाबून आग इझत न्हाय."

"मग शोधा की! बारा दिस झालं, तुमास्नी एक बिघाड घावंना?"

मिस्त्रीनं डबा खाली ठेवला. मग खिशातनं तिन्ही फ्यूज काढून मालकाच्या टेबलावर ठेवलं. "घावंना. डोळं गेलं असतील, न्हायतर हात. ज्येला आपल्या कामाची खात्री न्हाय, त्येनं मशीनला हात लावू नये. मी उद्यापास्नं येत न्हाय." डबा उचलला आन चालाय लागले. हात मागं बांधलं न्हवतं. दोन्ही हात नुसतं लोंबत हुतं.

मला बोलाय पायजे हुतं. मग मालक माझ्याकडं वळून म्हणले, "उद्या धा वाजता डायरेक्ट करून देतो. पयला रॉड तू मार."

मी?

आता खरं सांगतो. मिस्त्रीची नोकरी चालली तवा माझं तोंड उघडलं न्हाय. माझा जीव जाणार म्हणल्यावर उघडलं. मी गेटाकडं असा पळालो, की एक चप्पल शेडमधीच ऱ्हायली.

"मिस्त्री! थांबा!"

"काय रं?"

"नारळ."

"कसला नारळ?"

"मी फोडला. खंडेनवमीला. मशीनवर."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. मी गाल म्होरं करून ठेवला.

"पाणी?"

"आत गेलं."

"किती?"

"सगळं."

"सगळं म्हंजे किती? वाटीभर का तांब्याभर?"

"दीड वाटी असंल."

"कुठनं?"

"हुकाच्या फटीतनं. उजवीकडच्या."

"खाली आतल्या तांब्याच्या पट्टीवर गेलं असणार," ते आपल्याशीच म्हणले. "दवानं वलं हुतंय, दुपारी वाळतंय. म्हणून सकाळी... म्हणून घावंना."

"मिस्त्री, गुलाल बी टाकला."

"गुलाल बी!"

गेटाजवळच्या दगडावर ते खाली बसले. चष्मा काढला. उजवा हात म्होरं धरून उलटापालटा करून बघितला, कुणीतर नेलेली वस्तू परत आणून दिल्यागत. म्हणले, "म्हंजे हात बरा हाय." परत म्हणले, "हात बरा हाय माझा."

मी म्हणलं, "चुकलो मिस्त्री. नारळाचं..."

"नारळाचं सोड. भ्यालास, फोडलास. माणूस भितोच." त्यांचा आवाज चढला न्हाय, त्येचंच जास्ती भ्या वाटलं. "बारा दिस मी तुला इचारत हुतो, नट आवळला हुता न्हवं. आन तू 'व्हय मिस्त्री, आवळला' म्हणत हुतास. रोज. माझ्या तोंडाकडं बघून."

मी त्यांचा डबा उचलला आन शेडकडं चालाय लागलो.

मालकाला मीच सांगितलं. सगळ्यांच्या म्होरं. सील तोडलं, मिस्त्रीनं फ्यूज खिशात घातलं, कव्हर काढलं. आत तांब्याच्या पट्टीवर हिरवा गंज चढलेला, त्येच्यावर गुलालाचा चिखल, आन त्यात मुंग्यांचं लगीन लागलेलं. शिवा वाकून बघून म्हणला, "आयला, पूजा झालीया की!" कोण हासलं न्हाय. दोन घटका अगुदर पूजा न्हाय म्हणून बोलणारी तोंडं सगळी तिथंच उभी हुती. मिस्त्रीची माफी कुणी मागितली न्हाय. मालकानं चहा सांगितला, तीच समजायची. मी शिवाला "तर काय!" म्हणलो हुतो, त्येची माफी मी बी मागितली न्हाय. कशी मागायची? त्यास्नी ते ठावंच न्हवतं. का ठावं हुतं, कोण जाणं.

पट्टी बदलली, सगळं ब्रशनं झाडलं, आत शंभरचा बल्ब लावून दोन दिवस मशीन शेकलं, तपासलं, मगच फ्यूज लावलं. ट्रिपर परत पडला न्हाय. ट्रॉल्या येळेत गेल्या.

त्यानंतर आमी बरीच वर्षं एकत्र काम केलं. मिस्त्री माझ्याशी वाकडं वागलं न्हाईत. माझ्या डब्यातला ठेचा खायचे, पोरांचं इचारायचे. पर माझ्या 'व्हय'वर त्यांनी परत कवा काम केलं न्हाय. शिवा म्हणला "केबल काढलीया," की ते बसल्या जागी मान हलवायचे. मी म्हणलं, की उठून बघून यायचे. गुडघं दुखाय लागलं तरी उठायचे.

दोन हजार सालानंतर ते निवृत्त झालं, आन मी उचगावच्या रस्त्याला ग्रिलचं छोटं दुकान टाकलं. मशीन बसवायला त्यास्नीच बोलावलं. एवढुसं मशीन, तरी तीन दिवस घेतलं. शेवटच्या दिवशी खंडेनवमी जवळ आलेली. मी कुकू लावून ठेवलं हुतं, हँडलला हार. मिस्त्री हात मागं बांधून मशीनम्होरं उभं ऱ्हायलं.

"आत काय घातलं न्हाईस न्हवं?"

"न्हाय मिस्त्री. आईशप्पत न्हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन हळूहळू खाली वाकलं आन मागच्या जाळीतनं आत बघाय लागलं. म्हातारपणानं येळ लागत हुता. आत काय न्हवतं. मीच पुसलेलं, मीच बघितलेलं, मला ठावं हुतं आत काय न्हाय. तरी ते वर उठून "हं" म्हणंपतूर मी बी वाकून त्यांच्या मागनं जाळीतनं आत बघत हुतो.